रातांब्यांचं ऊन आणि शीटची कड

रत्नागिरीत रातांबे पिकायला लागतात तेव्हा उन्हाचे दिवस संपत आलेले असतात. एप्रिलच्या अखेरीपासून झाडाखाली लाल-जांभळा सडा पडू लागतो, मे महिन्यात काढणी जोरात येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून यायला लागतं. आमसुलं करायची म्हणजे फळं फोडून गर-बिया वेगळ्या काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, वाळल्या की परत रसात, परत उन्हात. अशी पुटं देत देत साल काळपट, मऊ आणि वर्षभर टिकणारी होते. मध्येच अवकाळीची एक सर आली की खळ्यात पसरलेल्या सालींना बुरशी धरते. आंब्याच्या साठांचं तेच, फणसपोळीचं तेच. कोकणातल्या वाळवणाला ऊन भरपूर मिळतं, पण भरवशाचं मिळत नाही.

त्यावरचा उपाय नवा नाही. लाकडाची चौकट, आतून काळा रंग दिलेला तळ, जाळीचे ट्रे, हवा आत यायला खाली भोकं आणि दमट हवा बाहेर जायला वर भोकं, आणि वरून पारदर्शक झाकण. ऊन आत शिरतं, काळा तळ तापतो, तापलेल्या तळातून निघणारी उष्णता झाकण सहजी बाहेर सोडत नाही. पाऊस, धूळ, माश्या, कावळे सगळे बाहेर राहतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात सौर वाळवणीवर काम झालं आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने घुमटाच्या आकाराचे वाळवणी-संच केले. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी उभ्या केलेल्या ‘एस फॉर एस टेक्नॉलॉजीज’ या कंपनीला शेतकरी महिलांपर्यंत सौर वाळवणी नेण्याच्या कामासाठी २०२३चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. हे मोठ्या प्रमाणावरचं काम झालं. माझा विषय त्याहून लहान आहे: घरच्या पडवीत, घरच्या हत्यारांनी, चार-पाच किलो सालींसाठी करायची पेटी.

ज्याला थोडंफार सुतारकाम येतं त्याला ही पेटी अवघड नाही. चौकट जमते, जाळी जमते. फक्त जाळी साध्या लोखंडाची नको, रातांब्याचा आंबट रस आणि मीठ मिळून ती आठवड्यात खातात. स्टेनलेस स्टीलची किंवा नायलॉनची घ्यावी. काम अडतं ते झाकणाशी. महागातली पारदर्शक शीट आणलेली असते, ती मापात कापायला घेतली की मध्येच तडकते, किंवा कड वितळून गोळा होते, किंवा कापली जाते ठीक पण पुढच्याच महिन्यात स्क्रूच्या भोकापासून चीर निघून झाकणाचे दोन भाग होतात. लोक म्हणतात, प्लास्टिकच हलकं होतं. बहुतेक वेळा प्लास्टिक चांगलं असतं, दोष कापण्यात असतो.

आधी काच का नको, ते सांगतो. तीन मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या हिशेबाने जवळजवळ एक सूत जाडीची आठ फूट बाय चार फुटांची अॅक्रिलिक शीट साडेदहा किलोच्या आसपास भरते. तेवढीच काच बावीस किलोंच्या पुढे जाते. शिवाय आपल्याकडे पेटी ठेवायची ती खळ्यात, आणि खळ्यावर बहुधा माड असतो नाहीतर आंबा. खाण्याच्या वस्तूवर काच फुटली तर ट्रेमधलं सगळं फेकून द्यावं लागतं, दुसरा इलाज नाही. म्हणून प्लास्टिक.

पण दुकानात ‘पारदर्शक शीट’ मागितली तर हातात तीन वेगळ्या वस्तू येऊ शकतात, आणि तिन्ही दिसायला सारख्या. पहिली अॅक्रिलिक. ही सर्वांत स्वच्छ. पडणाऱ्या उजेडातला ९२ टक्के उजेड पलीकडे जाऊ देते, उन्हात वर्षानुवर्षं पिवळी पडत नाही, पण ठिसूळ आहे. दुसरी पॉलिकार्बोनेट, १९५३मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हेर्मान श्नेलने आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सने एकमेकांच्या नकळत शोधून काढलेलं. त्यावर नारळ पडला तरी सहसा फुटत नाही, मात्र उघड्या पॉलिकार्बोनेटला ऊन पिवळं करतं, म्हणून चांगल्या शीटच्या एका बाजूला अतिनील किरण अडवणारा थर दिलेला असतो. ती बाजू कोणती हे वरच्या फिल्मवर छापलेलं असतं. फिल्म आधी सोलून टाकली की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, आणि उलटी बसवलेली शीट काही पावसाळ्यांतच पिवळी पडते. म्हणून फिल्म शेवटपर्यंत ठेवायची, आणि शीट बसली की त्याच दिवशी काढायची. उन्हात राहिली तर ती चिकटून बसते. तिसरी पीव्हीसी. पावसाळ्यात झड अडवायला माडाच्या झापांच्या जागी पडवीला आता जे मऊ पारदर्शक पडदे लटकतात, ते याचे. रत्नागिरीला पीव्हीसी परकं नाही. फिनोलेक्सचा कारखाना रनपार-गोळपच्या किनाऱ्यावर त्याची पावडर बनवतो. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

ओळखायचं कसं? शीटच्या टोकाची बोटभर रुंद पट्टी वाकवून पाहावी, डोळ्यांवर चष्मा घालून. अॅक्रिलिक कटकन मोडतं. पॉलिकार्बोनेट दुमडलं तरी मोडत नाही, दुमड पांढुरकी होते एवढंच. ही परीक्षा कापण्याआधीच घ्यावी, कारण दोघांना कापण्याच्या रीती एकमेकांच्या उलट आहेत.

अॅक्रिलिक कापण्याची जुनी, बिनविजेची रीत आहे ती चर पाडून मोडण्याची. साईनबोर्ड करणारे कारागीर अजूनही ती वापरतात. हत्यार म्हणजे आकड्यासारख्या टोकाचा कटर. विकत मिळतो, पण अनेक कारागीर मोडलेलं हॅक्सॉ ब्लेड ग्राइंडरवर घासून स्वतःच करतात, आणि तो हातात जास्त बसतो. हा कटर सुरीसारखा चालत नाही. सुरी प्लास्टिक बाजूला ढकलते; हा आकडा ओढताना प्लास्टिकचा बारीक तंतू खरवडून बाहेर काढतो. शीट सपाट टेबलावर ठेवायची, लोखंडी पट्टी दोन्ही टोकांना शिकंज्यांनी घट्ट आवळायची. हाताने धरलेली पट्टी तिसऱ्या-चौथ्या ओढीला सरकतेच. पहिल्या दोन ओढी अगदी हलक्या, फक्त वाट पाडायला. मग सारख्या जोराने, एकाच दिशेने ओढत राहायचं, चर जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत खोल जाईतो. चर या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण गेला पाहिजे. शेवटची अर्धी बोट जागा राहिली तर मोड तिथेच वाट सोडते. मग चराखाली बरोबर रेषेत एक गोल सळई ठेवून, चर वरच्या बाजूला ठेवून, दोन्ही तळवे शीटवर सपाट ठेवून एकाच दमात खाली दाबायचं. घाबरत, हळूहळू दाबलं तर तडा भरकटतो. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या जाडीला ही रीत पुरते.

हे असं का होतं, याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९१३मध्ये चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने गणिताने दाखवलं की पत्र्यात भोक किंवा खाच असली की ताण तिच्या टोकाशी गोळा होतो, आणि टोक जितकं अणकुचीदार तितका तो वाढत जातो. पुढे फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात काम करणाऱ्या अॅलन ग्रिफिथने काचेच्या तंतूंवर प्रयोग केले आणि १९२१च्या निबंधात मांडलं की काच हिशेबापेक्षा इतक्या कमी जोराला तुटते, त्याचं कारण तिच्या अंगावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा. वस्तू तुटते ती सगळीकडून एकदम नव्हे; ती एका चिरेच्या टोकाशी तुटायला लागते आणि मग चीर धावते.

चर पाडून मोडणं म्हणजे हाच नियम आपल्या कामाला लावणं. आपण शीटला एक चीर देतो, सरळ रेषेत, आपल्याला हवी तिथे, आणि मग ताण देतो. चीर आपण आखलेल्या वाटेने धावते. पण तोच नियम नंतर आपल्या विरुद्धही चालतो. कापलेल्या कडेवर राहिलेला प्रत्येक टवका, दात्याची प्रत्येक खूण ही आपण नकळत दिलेली चीर आहे. झाकण बसतं, दिवसा तापून फुगतं, रात्री आकसतं, वाऱ्याने थोडं वाकतं, आणि असा एखादा टवका एक दिवस धावायला लागतो. म्हणून ‘स्वच्छ कापणं’ हा देखणेपणाचा प्रश्न नाही. शीटचं बळ तिच्या कडेत असतं. मधली सगळी शीट कितीही चांगली असली, तरी ती किती दिवस टिकणार हे कड ठरवते.

आतल्या कोपऱ्यांना तर हे दुप्पट लागू आहे. झाकणाला बिजागरीसाठी खाच घ्यायची असेल, तर दोन सरळ काप काटकोनात भेटवू नयेत. कोपऱ्यावर आधी गोल भोक पाडावं आणि काप त्या भोकापर्यंत आणून थांबवावेत. १९५४मध्ये ब्रिटिश कॉमेट जेट विमानं आकाशात फुटून पडली. चौकशीत आढळलं की उड्डाणागणिक येणाऱ्या दाबाने पत्रा थकला होता, आणि चिरा निघाल्या होत्या त्या विमानाच्या अंगात कापलेल्या चौकोनी खिडक्यांच्या कोपऱ्यांपाशी. विमानाचा पत्रा धातूचा आणि आपली शीट प्लास्टिकची, पण कोपऱ्याचा कायदा दोघांना एकच.

पॉलिकार्बोनेटला चर पाडून काही उपयोग नाही. ते मोडायच्या ऐवजी वाकतं. दीड मिलिमीटरपर्यंतची शीट पत्रा कापायच्या कात्रीने कापता येते. त्याहून जाड असेल तर करवत किंवा जिगसॉ. आणि जिगसॉ हातात आली की प्रश्न चिरेचा राहत नाही, उष्णतेचा होतो.

प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही. अॅल्युमिनियममधून ती अॅक्रिलिकच्या हजारपटीने जास्त वेगात पसरते. धातू कापताना पात्याजवळची उष्णता पत्रा ओढून घेतो. प्लास्टिक कापताना ती तिथेच, केसाएवढ्या पट्ट्यात साचते. अॅक्रिलिक १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट १५०च्या आसपास. जोरात फिरणाऱ्या पात्याला तिथवर पोचायला काही सेकंद पुरतात. मग भुशाच्या जागी चिकट गोळे निघतात, आणि पातं पुढे गेल्यावर मागचा काप पुन्हा जोडून जातो! कोपऱ्यापर्यंत कापलेली शीट उचलावी तर ती दोन्हीकडून एकसंध. छपरांवर पॉलिकार्बोनेट बसवताना लोखंडाच्या ग्राइंडर-चक्कीने ते कापलेलं आपल्याकडे सर्रास दिसतं. ती कड जळकी, खडबडीत आणि आतून ताणलेली असते, आणि पुढच्या वादळवाऱ्यात पहिली चीर तिथूनच निघते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची छपरं उडवली. त्यानंतर नवे पत्रे घाईघाईने चढले. घाई समजू शकते, लोक उघड्यावर होते. पण कडा घासायला पुढे कुणीतरी वेळ काढायला हवा होता असं मला राहून राहून वाटतं.

जिगसॉसाठी धातू कापायचं बारीक दात्यांचं नवं पातं घ्यावं, इंचाला दहा ते चौदा दाते. वेग कमी ठेवावा. पातं पुढे-मागे झुलवणारी सोय बंद करावी. शीटच्या खाली-वर पातळ प्लायवूड धरून तिन्ही एकत्र आवळावीत, म्हणजे शीट थरथरत नाही. थरथरीतूनच टवके उडतात. कापावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडायचे तर ते हातकरवतीनेच, विजेच्या हत्याराजवळ पाणी नको. कोरडा, बारीक, पांढरा भुसा पडत असेल तर वेग बरोबर आहे. तंतू लोंबायला लागले की थांबावं, पातं गार होऊ द्यावं. आणि हा भुसा गोळा करावा. खाली जुनं धोतर नाहीतर लुगडं अंथरावं आणि शेवटी गाठोडं बांधून उचलावं. रत्नागिरीत वारा त्याला खाडीकडे नेतो, आणि जे खाडीत जातं ते बांगड्याच्या पोटातून आपल्याकडे परत येतं.

भोकांचं प्रकरण वेगळं आहे आणि सगळ्यात जास्त शीट तिथेच फुटतात. लाकडाचं किंवा लोखंडाचं धारदार ड्रिल अॅक्रिलिकमध्ये स्क्रूसारखं घुसतं, आणि पलीकडून बाहेर पडताना मोठा टवका उडवतं. ड्रिलच्या टोकाची धार दगडावर किंचित मारावी, म्हणजे ते खरवडतं, ओढत नाही. शीटखाली लाकडाचा तुकडा घट्ट धरावा, शेवटच्या मिलिमीटरला हात हलका करावा. आणि भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडावं. किती मोठं, त्याचा हिशेब आहे. अॅक्रिलिक दर मीटरला, दर अंशाला ०.०७ मिलिमीटर वाढतं, काचेच्या जवळजवळ आठपट. पहाटे झाकण वीस अंशांवर असेल आणि दुपारी पेटी तापून ते सत्तरवर गेलं, तर मीटरभर लांबीची शीट साडेतीन मिलिमीटर लांबते. स्क्रू भोकात गच्च असेल तर या साडेतीन मिलिमीटरांना जायला जागा नाही; शीट फुगते आणि संध्याकाळी आकसताना भोकाच्या कडेला फाडते. मोठं भोक, रबराचा वॉशर, आणि स्क्रू बोटांनी वॉशर फिरेल इतपतच आवळलेला. आवळून आवळून पक्कं करायची सवय इथे घात करते.

कड घासण्याला सुतार वेळ देतात, फॅब्रिकेटर देत नाहीत. आधी हॅक्सॉ ब्लेडच्या पाठीने कड खरवडून पात्याच्या खुणा काढायच्या. मग पाण्यात भिजवून २२० नंबरचा पॉलिशपेपर, मग ४००, मग ६००, कडेच्या लांबीने. वरची-खालची धार किंचित मारायची. यापुढे चकाकी आणायची गरज पेटीला नाही. बोर्डवाले ज्योत फिरवून कड काचेसारखी करतात ते दिसायला छान, पण ज्योत कडेत ताण कोंडून ठेवते. अशा ताणलेल्या कडेला थिनर, पेट्रोल किंवा सॅनिटायझर लागला की बारीक चिरांचं जाळं उठतं, कधी कधी डोळ्यांदेखत. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं, एवढंच. अॅक्रिलिकला अॅक्रिलिक जोडायचं असेल तर कारागीर क्लोरोफॉर्म वापरतात. इंजेक्शनच्या सुईने जोडाच्या फटीत सोडला की तो आपोआप आत ओढला जातो आणि दोन्ही कडा विरघळून एक होतात. कडा सपाट घासलेल्या असतील तरच हे घडतं. वाफ विषारी आहे. हे काम उघड्या पडवीत, मुलांना दूर ठेवून करावं, आणि पेटी वापरण्याआधी काही दिवस उन्हात नुसती तापवावी.

घासलेल्या कडेची किंमत किती, याचं उदाहरण आपल्याच घरांत आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची अॅक्रिलिकची छतं फुटून तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले. डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की डोळा हे तुकडे सहन करतो. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिल्यांदा अॅक्रिलिकचं भिंग बसवायला घेतलं. आज मोतीबिंदू काढून आलेल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत बहुधा याच कुळातलं प्लास्टिक असतं, आणि त्या भिंगाच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असतात म्हणून ते तिथे सुखाने राहतं.

लेझरने हे सगळं सोपं झालंय, हे खरं आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली, ती एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी. त्यानंतर लेझर कटर महाराष्ट्रभर पसरले. २०२०च्या करोनाकाळात मुंबईच्या ‘मेकर्स असायलम’ने गावोगावच्या अशा कार्यशाळांना जोडून पारदर्शक शीटपासून लाखो फेस शील्ड तयार करवल्या. अॅक्रिलिकला लेझर फार मानवतो. कड आपोआप चकचकीत येते. मात्र पॉलिकार्बोनेट त्यात काळं-पिवळं जळतं. आणि पीव्हीसी लेझरखाली कधीही घालू नये: त्यातलं क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतं, माणसाची फुप्फुसं आणि यंत्र दोन्ही खातं. बोर्डवाल्याकडे शीट घेऊन जाताना ती कशाची आहे हे त्याला नक्की सांगावं.

पण गावातल्या घराला लेझर लागत नाही. आठ बाय चारची शीट दुकानातच ढोबळ मापात कापून घ्यावी, म्हणजे एसटीच्या टपावर ती मोडत नाही, आणि शेवटचा काप घरी द्यावा. झाकण फार रुंद असेल तर मध्ये एक रीप द्यावी, कारण रिकामी पेटी बंद ठेवून तापली की शीट पोटात झोळ घेते. आपण साधारण १७ उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून झाकणाला फार उतार नको, पाणी ओघळेल इतकाच. पोकळ कप्प्यांचं पॉलिकार्बोनेट वापरलं तर कप्पे उताराच्या दिशेने धरावेत. वरची तोंडं ॲल्युमिनियमच्या टेपने बंद करावीत, खालच्यांना बारीक भोकांची टेप लावावी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आत शेवाळ धरतं आणि मुंग्या वस्ती करतात.

विज्ञान आश्रमाचा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत चालतो; त्यात मुलं लोखंड जोडतात, वीज जोडतात, शेती करतात. कोकणातल्या शाळांनी त्यात ही पेटी घ्यावी, अशी माझी सूचना आहे, आणि ती फेब्रुवारीत घ्यावी. तेव्हा शाळा चालू असते, हवा कोरडी असते, आणि आठवीतल्या मुलाला चर पाडायला, मोडायला, कड घासायला आणि एखादी शीट वाया घालवायलाही पुरेसे आठवडे मिळतात. पहिला रातांबा पडायच्या आत झाकण बसलेलं असतं.